केरबामामांची आजारी मावशी

बोरजाईवाडी, पवनानगरच्या पुढे, ता. मावळ
१३ जानेवारी

आदरणीय केरबामामा,

भाचा प्रितमचा तुम्हाला आणि मामींना सप्रेम जयभीम. इकडे आई बरी आहे, मी बरा आहे, घरावरचा पत्राही यंदा बरा आहे. तुमचा गुडघा कसा आहे? तुमचा विक्की सांगत होता, की सोसायटीची लिफ्ट बंद पडली म्हणून तुम्ही चार मजले जिना चढून गेलात, आणि दारात पोचल्यावर लिफ्ट सुरू झाल्याचं कळताच पुन्हा जिन्याने खाली उतरून लिफ्टने वर आलात. (मेंटेनन्स भरतो तर वापरायला नको का, हे तुमचं म्हणणं मला पटतं, गुडघ्याला पटलं नसावं.) डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घेत जा. तळेगावात थंडी फार नसते हे खरं, पण तुम्ही सकाळी साडेपाचला गॅलरीत उभे राहून रेल्वेच्या वेळा तपासता तेव्हा कानाला मफलर बांधत जा.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. मामा, मी मागच्या आठवड्यात तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा गुडघा, मामी, कांद्याचा भाव इथपर्यंत तुम्हाला माझं बोलणं लख्ख ऐकू येत होतं. मी 'शाळेची घंटा' एवढं म्हटलं, की तुम्ही लगेच, आवाज येत न्हाई, आवाज येत न्हाई, म्हणून फोन ठेवलात. शेजारच्या बिल्डिंगमधल्या टीव्हीवरच्या बातम्या तुम्हाला ऐकू येतात. पत्राला रेंज लागत नाही, म्हणून पत्र लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, मध्येच चष्मा सापडत नाही असं करू नका.

तर झालं असं, की दिवाळीच्या आधी मला इतिहास शिकवण्याच्या नव्या पद्धतींच्या प्रशिक्षणाला तीन दिवस वडगावला पाठवलं. जायची पाळी खरं तर दुसऱ्या शिक्षकांची होती, पण त्यांच्याकडे भातकापणी होती आणि माझ्याकडे शेत नाही. तिथल्या तज्ज्ञ बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं, इतिहास शिकवू नका, पोरांना शोधू द्या. मला बारा वर्षं शिकवून कंटाळा आलाच होता, त्यामुळे न शिकवण्याची कल्पना एकदम पटली. चहा दोन्ही वेळेला होता. मी वहीभर टिपणं काढली आणि शाळेत येऊन लगेच सुरुवात केली.

पहिली पद्धत म्हणजे कालरेषा. वडाच्या बुंध्यापासून झेंड्याच्या खांबापर्यंत दोरी बांधायची, एका हाताला शंभर वर्षं, आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी त्या-त्या जागी घटनेचं कार्ड लावायचं. पोरांनी दोन दिवस खपून सातवाहनांपासून स्वातंत्र्यापर्यंत सगळं टांगलं. भाज्याची लेणी वडाजवळ उंच आली आणि पुढे दोरी झोळ खात खाली उतरत गेली, ही माझी चूक. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर नथूआबांची शेळी उभी. तिने लेण्यांच्या कार्डाला तोंड लावलं नव्हतं, ते उंचावर होतं. पण यादवांपासून खाली जे जे हाताशी, म्हणजे तोंडाशी आलं, ते तिने क्रमाने खाल्लं आणि पेशवाई संपवून ती इंग्रजांच्या कार्डापाशी रवंथ करत थांबली होती. मी आबांकडे तक्रार घेऊन गेलो, तर ते म्हणाले, "मास्तर, शेळीला तरी पचला इतिहास. पोरांना कुटं पचतुय?" (नथूआबा म्हणजे सोपानरावांचे थोरले, तुमच्याच वयाचे. शाळेच्या कमिटीवर नसले तरी कमिटी त्यांच्या ओट्यावरच बसते.)

दुसरी पद्धत, घरातली सर्वांत जुनी वस्तू आणून तिच्याबद्दल बोलायचं. इथे मी 'वापरात नसलेली' हे दोन शब्द घालायला विसरलो. एकीने घरचा पाटा आणला, वरवंटा जड म्हणून घरीच ठेवला, आणि त्या घरात दिवसभर वाटण झालं नाही. एकाने आजोबांची कवळी आणली, बाकी सगळ्यात जुने आजोबाच आहेत पण ते यायला तयार नाहीत, असं कारण देऊन. म्हातारा दुपारपर्यंत पेजेवर राहिला. तिसऱ्याने गोठ्याचं कुलूप आणलं, आणि गोठ्यातली गाय दिवसभर गावभर फिरली. संध्याकाळपर्यंत शाळेसमोर पालकांची अशी रांग लागली की पालकसभेलाही कधी लागली नव्हती. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका सविता मॅडमनी, हजेरीपटात माझ्या नावापुढे बारीक टिंब काढलं. त्या टिंबाचा अर्थ त्या कधी सांगत नाहीत.

तिसरी पद्धत तहाची. मैदान एकच आणि सातवी-आठवी दोघांनाही मधल्या सुट्टीत तेच हवं, म्हणून दोघांनी वकील नेमून लेखी तह करायचा. आठवीच्या वकिलांनी पहिल्या पाच मिनिटांत मैदान देऊन टाकलं आणि चिंचेची सावली मागून घेतली. सातवीने तहात शेवटचं कलम असं घातलं, की हा तह वाटेल तेव्हा मोडायचा हक्क सातवीला राहील, आणि आठवीने त्यावर सह्या केल्या. इतिहासाच्या पुस्तकातले तह इतके एकतर्फी का असतात हे मला त्या दिवशी समजलं. पोरांना मात्र सावली मिळाल्याचाच आनंद होता.

चौथी पद्धत वंशावळीची. हीच माझ्या अंगाशी आली, म्हणून नीट लक्षात ठेवा. प्रत्येकाने आपल्या घराण्याचा वृक्ष काढायचा, आणि नमुना म्हणून मी आपल्या घराचा काढून वर्गाच्या भिंतीवर लावला. पणजोबा, पणजी, मग तुमची आई म्हणजे माझी आजी, तिचे तीन भाऊ, मग तुम्ही, मग माझी आई, मग आम्ही. आईला चार वेळा विचारून पक्का केला. आजीला भाऊ तीन, बहीण एकही नाही. लाल शाईने, मोठ्या अक्षरात लिहिलाय, मागच्या बाकावरूनही वाचता येतो.

आता मुख्य गोष्ट. येत्या सव्वीस जानेवारीला शाळेच्या घंटेखाली दगडी पाटी बसवायचं गावाने ठरवलं होतं. तुम्हाला घंटा माहीतच आहे. (माहीत आहे ना?) वऱ्हांड्यासमोर सागाच्या खांबाला टांगलेला अडीच फुटी रुळाचा तुकडा. नथूआबांचं म्हणणं, की बेचाळीस साली त्यांच्या वडलांनी, सोपानरावांनी, घाटात जाऊन इंग्रजांचा रूळ उखडला, त्याचा हा तुकडा. ही गोष्ट आबा दर सव्वीस जानेवारीला सांगतात आणि दर वर्षी रूळ थोडा लांब होतो. मागच्या वर्षी तर डबेही घसरले. कामशेतच्या पाथरवटाकडे दगडही गेला होता.

मला वाटलं, बरं झालं, हाच आठवीचा प्रकल्प. आयता पुरावा वर्गाबाहेर टांगलाय, त्याचा इतिहास पोरांनी शोधावा, गोळा केलेली माहिती पाटीच्या कार्यक्रमात वाचून दाखवावी, आबा खूश, मॅडम खूश. आबांची नात कोमल माझ्याच वर्गात. तिला गटप्रमुख केलं. पणजोबांचं नाव पाटीवर येणार म्हणून ती आठ दिवस आनंदात होती.

पोरांनी आधी रंग खरवडला. घंटेवर रंगाचे सहा थर निघाले. वर चंदेरी, खाली हिरवा, त्याखाली निळा, मग दोनदा गेरू, मग काळं डांबर. प्रत्येक थर कुठल्या ना कुठल्या साहेबांच्या भेटीचा. पोरांनी प्रत्येक थराचा नमुना काडेपेटीत ठेवून वर चिठ्ठी लावली, आणि मला वाटलं की बारा वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी बरं शिकवतोय. डांबर निघालं तशी रुळाच्या पोटावर उठावाची अक्षरं दिसायला लागली. कोमलने पॉलिश पेपरने घासून घासून चार आकडे मोकळे केले आणि मोठ्याने वाचले. एकोणीसशे सदुसष्ट.

बेचाळीस साली उखडलेला रूळ सदुसष्ट साली कसा ओतला, हे गणित सातवीलाही येत होतं. कोमलच्या हातात पॉलिश पेपर तसाच. ती मला म्हणाली, "सर, मग पणजोबा खोटं बोलले का?" मामा, खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, कशाला ही विकतची दुखणी, पुन्हा डांबर फासावं आणि वडगावच्या बाईंना शिव्या द्याव्यात. पण पोरं बघत होती. 'पुरावा काय सांगतो ते बघा' असं दोन महिने मीच त्यांच्या कानीकपाळी ओरडत होतो.

नथूआबांना सांगायला मी आणि कोमल दोघं गेलो. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "मग रुळावरचा छापच चुकला आसंल." यावर इतिहासाच्या कुठल्याच पद्धतीत उत्तर नाही.

सविता मॅडमचं मात्र उत्तर तयार होतं. त्यांनी मला आणि पोरांना ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, सव्वीसच्या आत घंटा कोणी आणली हे दोन स्वतंत्र पुराव्यांनी सिद्ध करा, एक तोंडी आणि एक हातात धरता येईल असा. केलंत तर पाटीवर तेच लिहू, आबांशी मी बोलते. नाही केलंत तर आबांची पाटी लागेल, आणि शिष्यवृत्तीच्या गणिताला दोन तास कमी पडताहेत ते इतिहासाचे जातील. त्या हे रागावून बोलल्या नाहीत, चहा देऊन बोलल्या, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. पाथरवटाला फोन गेला. तोवर त्याने 'ही घंटा' एवढं कोरलं होतं. पुढचं सांगा मग कोरतो, म्हणून तो थांबलाय, आणि दगड त्याच्या दारात 'ही घंटा' म्हणत उभा आहे.

पोरं मग शाळेच्या जुन्या दफ्तराला भिडली. कपाटात सगळ्यात खाली, मुंग्यांच्या पावडरीत, जुनं नोंदबुक सापडलं. त्यात जून एकोणीसशे बहात्तरची एक ओळ: 'शाळेस घंटा (रुळाचा तुकडा) मिळाली. खांब सागाचा, सोपानराव यांजकडून. घंटेचे देणगीदार', आणि पुढे एक आडवी रेघ. नाव नाही. खांब दिला त्याचं नाव आहे, घंटा दिली त्याचं नाही. कोमलला तेवढ्यानेही धीर आला, पणजोबांनी खांब तरी दिलाच होता. पण त्या रेघेपाशी पोरांचं बोट अडलं ते अडलंच.

मग मुलाखती. गावातल्या सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना गाठायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, बहात्तरच्या उन्हाळ्यात गावात काय काय झालं? (घंटेचं नाव काढायचं नाही. आयतं उत्तर तोंडात द्यायचं नाही, ही वडगावची शिकवण.) दहा जणांनी दुष्काळ सांगितला, धरणाचं काम सांगितलं, एकाने स्वतःचं लग्न सांगितलं आणि दुष्काळाच्या यादीतच सांगितलं. अकराव्या कस्तुराबाई. म्हणजे नथूआबांच्या मंडळी, कोमलची आजी. कोमलला घरातच मुलाखत घ्यायची लाज वाटत होती म्हणून त्या सगळ्यात शेवटी राहिल्या होत्या. चुलीपुढे बसून शेंगा निवडत त्यांनी सांगितलं, "लय काय न्हाई झालं बाई. त्या साली केरबाच्या मावशीला झोळीत घालून आणलं हुतं, ताप आलता तिला. माझं नवं लगीन झालेलं. मी वढ्यावर धुणं धूत हुते. केरबा आन् त्येचा दोस्त, दोगं झोळी खांद्यावर घिऊन वढा वलांडत हुते. लय जड वाटत हुती म्हातारी."

मामा, तुम्ही वाचताय ना? चष्मा डोळ्यांवरच आहे.

पुढचंही त्यांच्याच शब्दांत पोरांच्या वहीत आहे. त्यांना दया आली. दुसऱ्या दिवशी सासूची नजर चुकवून त्यांनी वाटीभर तांदळाची पेज ओढ्यावर आणली आणि तुमच्या हातात दिली, मावशीला द्या म्हणून. तुम्ही संध्याकाळी सांगितलंत, मावशी सगळी पेज प्यायली, उतार पडला. तिसऱ्या दिवशी कळलं, मावशी गेली आपल्या गावाला. कशी गेली? कस्तुराबाई म्हणतात, ओढ्यावरून ती परत जाताना कोणी बघितली नाही, आणि दुसरी वाटच नव्हती. त्यांना कित्येक दिवस वाटायचं की म्हातारी खपली आणि केरबाने गुपचूप पुरली. आणि त्याच दिवशी, सोमवारी, पोरांनी नीट विचारून घेतलंय, शाळेत पहिल्यांदा घंटा वाजली.

वर्गात परत आल्यावर कोमल थेट भिंतीकडे गेली. माझ्या लाल शाईच्या वंशावळीवर तिने बोट ठेवलं, आजी, तीन भाऊ, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुमच्या केरबामामांना मावशीच नाही." सव्वीस पोरं माझ्याकडे बघायला लागली. स्वतःच्या शैक्षणिक साधनाने पकडला गेलेला मावळातला मी पहिलाच शिक्षक असेन. आणि केरबामामा रेल्वेत गँगमन होते, रुळाचंच काम, हेही मीच त्यांना ऑगस्टमध्ये दळणवळणाच्या धड्याला फुशारकीने सांगितलं होतं.

मी घरी येऊन आईला विचारलं. आईने, केरबाने शपथ घातलीया, एवढं म्हणून तोंड मिटलं आणि भाकरी थापायला घेतली. दोन भाकरी झाल्या, तिसरी करपली, तेव्हा ती आपणहून बोलली. म्हणाली, त्या वेळी गुरुजी शाळा भरल्याची हाळी वऱ्हांड्यातून द्यायचे. ती गावात ऐकू जायची, ओढ्याच्या अलीकडे आपल्या वस्तीला नाही. आपली पोरं रोज उशिरा पोचायची आणि रोज हातावर छडी खायची. आई तेव्हा दुसरीत. तळहात सुजून ती जेवू शकत नव्हती तेव्हा तुम्ही तिला भरवायचात. नोकरीला लागून सहा महिने झाले नाहीत तोवर तुम्ही मुकादमाच्या पाया पडून भंगारातला तुकडा मागून घेतलात. तो म्हणाला, ने, पण माझं नाव येता कामा नये आणि तुझंही नको, नवी नोकरी आहे. म्हणून मावशी झाली. आणि सोमवारी पहाटेच तुम्ही गोधडीत गुंडाळलेली मावशी शाळेच्या पायरीवर ठेवून ड्युटीवर निघून गेलात. आईने एवढं सांगितलं आणि करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. माझ्या ताटात चांगल्या दोन. मामा, मी ज्या शाळेत बारा वर्षं घंटा झाल्यावर धावत वर्गात शिरतोय, ती घंटा माझ्या आईच्या तळहातांसाठी आलेली आहे, हे मला माहीत नव्हतं. मला फार बरं वाटलं आणि थोडा तुमचा रागही आला, की इतकी वर्षं आम्हाला सांगितलं नाहीत.

नथूआबांचंही कळवतो, म्हणजे तुम्हाला काळजी नको. कस्तुराबाईंची मुलाखत पोरांनी त्यांना वाचून दाखवली. आबा बायकोकडे बघतच राहिले. म्हणाले, हे तू मला कदी बोलली न्हाईस. त्या म्हणाल्या, "तुमी कदी इचारलं?" आबा दोन दिवस ओट्यावर बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेत आले, खांबावर थाप मारून बघितली, आणि मॅडमना म्हणाले, ज्येनं आणली त्येचं नाव घाला, पन खांबबी लिहा, साग हाय त्यो. मॅडम म्हणाल्या, लिहू की, आधी पुरावा पुरा होऊ द्या. म्हणजे बेचाळीसचा रूळ मागे घेतला गेला आहे. कोमल खूश आहे. पणजोबा खोटं बोललेच नव्हते, त्यांनी फक्त खांब दिला होता, बाकीचं आबांनी वाढवलं, हे तिने स्वतःच शोधून वहीत लिहिलं आणि आबांची सही घेतली.

तेव्हा इकडे सगळं आनंदात आहे. अजून दोन तास इतिहासाचेच आहेत आणि शेळी बांधून ठेवलेली असते. मामींना, विक्कीला जयभीम. तुम्ही तब्येतीला जपा, मफलर बांधा, आणि माझी आठवण असू द्या.

तुमचा भाचा,
प्रितम

ता. क. मुख्य लिहायचं राहिलं. येत्या रविवारी, एकोणीस तारखेला, सकाळी दहा वाजता आठवीची सव्वीस पोरं तुमच्याकडे येताहेत. जीप ठरली आहे, त्यामुळे त्या दिवशी लग्नाला जायचं आहे असं काही काढू नका. मामींना स्वयंपाक नको म्हणावं, पोरं डबे आणतील. प्रश्नांची यादी सोबत जोडली आहे, एकतीस आहेत. सतरावा प्रश्न 'मावशीचं वजन किती होतं' हा गमतीचा नाही, त्यांनी घंटा वजनकाट्यावर ठेवली आहे आणि उत्तर पडताळून बघणार आहेत. तोंडी पुरावा म्हणजे तुम्ही. वॉचमनला सांगून ठेवा, लिफ्टमध्ये एका वेळी चारच सोडा म्हणावं.

ता. क. २. पेन्शनची भीती बाळगू नका. अडीच फूट भंगारासाठी त्रेपन्न वर्षांनी कोणी येत नाही. आले तर नथूआबा म्हणतात, मी सांगतो त्यांना, त्यो आमीच बेचाळीसला उखडला हुता. गरज पडली तर ती गोष्ट त्यांनी राखून ठेवली आहे.

ता. क. ३. हे लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं. हातात धरता येईल असा दुसरा पुरावा तुमच्या घरात आहे हे मला माहीत आहे. मामींच्या पिठाच्या डब्यात माप म्हणून असते ती पितळी वाटी. लहानपणी सुट्टीत मी त्यातूनच दूध प्यायचो आणि तिच्या काठावरचं कोरलेलं नाव बोटाने चाचपायचो: 'चि. सौ. कां. कस्तुरा हिस मामाकडून, १९७१'. आपल्यात कस्तुरा कोण, असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हाही तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. नाव-साल घातलेली वाटी घरात ठेवून त्रेपन्न वर्षं गुपित राखणारे तुम्हीच.

आईला मी म्हटलं, मामांनी वाटी तेव्हाच परत का नाही दिली? ती म्हणाली, भरून आलेली वाटी रिकामी कशी द्यायची रे? आन् आपल्या घरचं भरून दिली आसती तर त्यांनी घरात घेतली आसती का? म्हणून ऱ्हायली.

हे मी कस्तुराबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी शेंगा निवडायच्या थांबवल्या. म्हणाल्या, सासूबाईला मी वाटी वढ्यात व्हावून गेली आसं सांगितलं हुतं, लय बोलणी खाल्ली. मग म्हणाल्या, "केरबाला म्हणावं, सव्वीसला वाटी घिऊन ये. रिकामी आणू नगंस. तुज्या घरची पेज घालून आण. मी तितंच, घंटंखाली बसून, समद्यांदेखत पिणार हाय."

मामींना म्हणावं, पेजेत मीठ बेताने घाला, कस्तुराबाईंना बीपी आहे.